परदेशस्थाची शिदोरी



‘जालना, सोने का पालना’ ही म्हण प्रसिद्ध आहे. परंतु पाळण्यांतलें मूल शिकून शहाणें झालें म्हणजे देशांतरास जातें, हेंही तितकेंच खरें. असा जालनेकर सामानांत दासबोध नेतो. समर्थांचा जन्म १६०८ सालीं याच जिल्ह्यांतील जांब येथें झाला, याचा त्यास अभिमान असतो. २०१४ सालीं जालन्याचा विजय झोल १९ वर्षांखालील क्रिकेट-विश्वचषकांत भारताचा कर्णधार झाला, तेव्हां या परदेशस्थाची छाती फुगली. मराठी बोलपट पाहतांना त्याचे डोळे पाणावतात.

परंतु त्याच्या मुलाचें काय? त्यास धांवफलक कळतो, आजीचें बोलणें कळत नाहीं. दूरध्वनीवर दोघेंही हंसून गप्प बसतात. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे. अशीं मंडळें सण साजरे करितात, पण रोजची भाषा घरानेंच सांभाळावयाची असते.

दासबोधाचे समास २००. रोज जेवणापूर्वीं एक मोठ्यानें वाचला, तर सात महिन्यांच्या आंत ग्रंथ पुरा होतो. सामना संपल्यावर त्याचें वर्णन मुलानें आजीस मराठींतच सांगावें. चुकलें तरी आजी समजून घेईल. मात्र ती वाट पाहात किती दिवस बसणार?