शाल-श्रीफळ आणि हरवलेला टाका
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल आणि श्रीफळ ठरलेलं. ती शाल बहुधा तशीच प्लास्टिकच्या पिशवीतून पुढच्या सत्काराला जाते. आपले वॉचमन मामा पहिल्या वर्षापासून रात्रपाळी करताहेत. अंबडची डिसेंबरमधली पहाट कशी असते ते त्यांना विचारा. तिकडे निफाडचा पारा उतरल्याची बातमी आपण पांघरुणात वाचतो, मामा गेटवर असतात. म्हणून महिला मंडळाने ठरवलं, मामांची शाल लोकरीची आणि हाताने विणलेली हवी.

मी विणत नाही. टाके मोजायचं काम माझ्याकडे होतं. बँकेत एकाने लिहायचं नि दुसऱ्याने तपासायचं, तसंच. लोकर आणताना सगळ्या गुंड्यांचा लॉट नंबर एकच पाहून घेतला, कारण लॉट बदलला की रंगात किंचित फरक पडतो आणि तो घरी दिव्याखाली कळत नाही, उन्हात कळतो.

सुईवर १२० टाके, दोन सुलट, दोन उलट. चार जणी आळीपाळीने विणत होत्या. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. नाव न सांगताही मला ओळखू येऊ लागलं! कार्यक्रमाला आठ दिवस राहिले आणि एका संध्याकाळी टाके भरले ११९.

एक ताई म्हणाल्या, "काका, कडेला एक टाका वाढवते, झाले १२०." मी म्हटलं, थांबा. बँकेत याला जबरदस्तीने ताळा जुळवणं म्हणतात. बेरीज बरोबर येते, पण चूक आहे तिथेच राहते. आम्ही आधी फरक पाहायचो. फरक नऊने भागला गेला, तर कुणीतरी ५४ चे ४५ लिहिले असतील, असा पहिला संशय. फरकच सांगतो कुठे शोधायचं ते. इथे एकच टाका कमी होता, म्हणजे एक तर निसटलेला, नाहीतर दोन टाके एकत्र विणलेले. निसटलेला असता तर खाली शिडी दिसली असती. ती नव्हती. मग एका ठिकाणी दोन सुलट टाक्यांच्या जागी एकच दिसला, बारा सुया खाली.

आता उसवायचं का? बारा सुया म्हणजे जवळपास दीड हजार टाके. मला येवल्याची शाखा आठवली. तिथे मागावर पैठणी पाहिली होती. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, चूक लपवायला उलटी बाजूच नाही. विणकराला चुकलेला धागा काढावाच लागतो. मी उसवण्याच्या बाजूने होतो, स्पष्ट सांगतो.

पण ७ नंबरच्या काकूंनी वेगळाच मार्ग काढला. फक्त तेवढा एक टाका सुईवरून सोडला, चुकीपर्यंत खाली उतरवला आणि क्रोशाच्या सुईने एकाचे दोन करत वर आणले. बाकी शालीला हात नाही. अर्थात एका टाक्याच्या लोकरीत दोन बसवायचे, म्हणून तेवढी पट्टी आवळून आली. त्या म्हणाल्या, धुतल्यावर लोकर इकडून तिकडून सरकते. टाके बंद केल्यावर शाल कोमट पाण्यात भिजवली, न पिळता टॉवेलमध्ये दाबली आणि खाटेवर सपाट पसरून, कडा टाचण्यांनी ताणून वाळवली. पट्टी बरीच सैलावली. पूर्ण नाही. मला अजून सापडते, पण मला जागा माहीत आहे.

जास्त वेळ घेत नाही. मामा, पुढे या. श्रीफळ घरी न्या, पण शाल आज रात्रीच गेटवर अंगावर दिसली पाहिजे. धुवाल तेव्हा दोरीवर टांगू नका, ओल्या लोकरीचं वजन खाली ओढतं. आणि कुठे टाका निसटलाच, तर ७ नंबरची बेल वाजवा.