खांदा आणि जू



बैलाचा खांदा सुजला तर जाणता शेतकरी बैलावर चिडत नाही. तो आधी जू पाहतो. लाकूड खरबरीत आहे का, जोडीतला एक बैल उंच नि दुसरा ठेंगणा आहे का, ओझे बेताबाहेर झाले का, हे तपासतो. मग खांदा शेकतो, दोन दिवस विसावा देतो. पण माणसाचा खांदा सुजतो तेव्हा? तेव्हा आपण म्हणतो, ‘गडी कामचुकार झाला’, ‘गुरुजी हल्ली फार चिडतात’. जू कोणी पाहत नाही. माणसाच्या या सुजेलाच कामाचा ताण म्हणतात.

ताण म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. संकट दिसले की शरीर आपोआप सज्ज होते. छातीचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, पचन मंदावते. झुंजावे किंवा पळावे, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. साप दिसला तर ती फार उपयोगी! पण साप निघून जातो. ‘माहिती आजच पाठवा’ हा वरिष्ठांचा निरोप रोज येतो. सज्जता लांबली की शरीर झिजते, हे हान्स सेल्ये यांनी उंदरांवर प्रयोग करून १९३६ साली मांडले.

हा ताण ओळखावा कसा? झोप तुटते. मान आणि डोके दुखते. जेवणात लक्ष नसते. तंबाखूची पुडी पूर्वीपेक्षा लवकर संपते. रविवारची संध्याकाळ झाली की सोमवारच्या धास्तीने पोटात गोळा येतो. पुढची पायरी अशी की, थकवा हटत नाही, ज्या मुलांसाठी जीव टाकला ती नकोशी वाटतात आणि ‘आपल्या हातून काही होत नाही’ असे वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली याच तीन खुणा सांगितल्या आणि हा आजार नसून कामाच्या ठिकाणी उपजणारी अवस्था आहे, असे स्पष्ट केले.

आता कारण पाहू. काम जास्त म्हणूनच ताण येतो, असे नाही. सुगीत माणूस दिवसभर राबतो आणि रात्री गाढ झोपतो. लंडनच्या सरकारी नोकरांची एक मोठी पाहणी १९६७ साली सुरू झाली. साहेबांवर जबाबदारी मोठी, तेव्हा हृदयविकारही त्यांनाच अधिक, असे कोणालाही वाटेल. आढळले उलटे! खालच्या पायरीवरचे नोकर अधिक दगावत होते. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत हेही दिसले की, आपल्या कामात ज्यांना काहीच ठरवता येत नाही, त्यांना हा धोका अधिक असतो. तेव्हा ओझ्याइतकेच महत्त्व आहे ते कासरा कोणाच्या हाती आहे याला.

म्हणून उपायही तिथूनच सुरू करावा. एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातातली कामे लिहा, उजवीकडे हाताबाहेरची. डावीकडचे एक काम आजच संपवा. उजवीकडचे एकट्याने सोसू नका. सहकाऱ्यांसह मुख्याध्यापकांपुढे ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामाला शिक्षकाला जुंपता येत नाही. हे माहीत असले म्हणजे नम्रपणे, पण लेखी विचारता येते.

मुख्याध्यापकांना आणि सालगडी ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनाही एक विनंती. उद्याचे काम आज सांगा. ‘आधी काय करू या?’ असे विचारा. त्याला पैसा पडत नाही.

शरीरासाठी रोज थोडे चालावे, ठरल्या वेळी झोपावे, श्वास सावकाश सोडावा. छातीत दुखले तर मात्र ताण म्हणून अंगावर काढू नका, दवाखाना गाठा. मन फारच खचले, जगणे नको वाटले, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक फिरवा. २०२२ पासून ही सरकारी सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

आणि शेजारच्या वर्गातले गुरुजी अलीकडे गप्प गप्प असतील, तर उद्या मधल्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसा. ‘काय झाले?’ एवढेच विचारा, आणि मग ऐका.