‘जर’ आणि ‘तर’ यांची कसोटी



मी कापडाचा व्यापारी. तर्कशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तथापि, एका प्रसंगाने मला त्याची गोडी लावली.

काही वर्षांपूर्वी एका न्यासाचा मी खजिनदार होतो. न्यासाचा एक गाळा ५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावयाचे ठरले. धर्मादाय आयुक्तांची मंजुरी मागेच मिळाली आहे, असे सर्वजण सांगत; पत्र मात्र कोणीच दाखवीना. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३६ मी ‘जर-तर’च्या रूपात कागदावर मांडले. जर मालमत्ता इमारत असेल, आणि पट्टा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा असेल, आणि आयुक्तांची पूर्वमंजुरी नसेल, तर पट्टा अवैध. पहिल्या दोन अटींपुढे ‘होय’ लिहिले. तिसरीपुढे लेखणी थांबली. पत्र सापडत नाही, म्हणजे मंजुरीच नाही असे समजावे काय?

लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील मारेक सर्गोट, रॉबर्ट कोवाल्स्की आदी संशोधकांपुढेही असाच पेच होता. ब्रिटनचा १९८१ चा राष्ट्रीयत्व कायदा त्यांनी ‘प्रोलॉग’ या संगणकाच्या तर्कभाषेत उतरविला. त्यावरील निबंध १९८६ साली प्रसिद्ध झाला. जे सिद्ध होत नाही ते असत्य, असे ती भाषा धरून चालते. त्या कायद्यात मात्र बेवारस सापडलेल्या नवजात अर्भकाविषयी नेमकी उलट तरतूद आहे. विरुद्ध पुरावा नसेल, तर ते ब्रिटनमध्येच, तेथील नागरिक वा स्थायिक व्यक्तीच्या पोटी जन्मले असे मानावे! पुरावा नसला तर काय मानावे, हे यंत्राने नव्हे, कायद्याने ठरवावयाचे असते.

आमच्या कलमात न्यासाला तशी सवलत नाही. मंजुरी आहे म्हणणाऱ्याने ती दाखवावी. मी स्वाक्षरी केली नाही. “आमच्या शब्दावर विश्वास नाही काय?” असे एका ज्येष्ठ विश्वस्तांनी भर सभेत विचारले, ते मला फार लागले. (व्यापारात शब्दावर लाखोंचा माल जातो, पण तो माल स्वतःचा असतो.)

अखेर जुन्या कपाटात पत्र सापडले. मंजुरी खरीच होती, परंतु शेजारच्या गाळ्याची! कोणीही असत्य बोलले नव्हते. नवा अर्ज केला, मंजुरी येईपर्यंत गाळा बंद राहिला, भाडेही बुडाले. पुढील सभेत त्याच ज्येष्ठांनी दुसरी फाइल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “शेठ, याचेही जर-तर मांडा.”