ओवी आधी कोणाची?

कवितेचा इतिहास शिकवायचा म्हणजे आम्ही शिक्षक फळ्यावर सनावळी मांडतो. ज्ञानेश्वरी १२९०, केशवसुतांचा जन्म १८६६, वगैरे. मुले उतरवून घेतात. मीही अनेक वर्षे तेच केले.

एकदा ज्ञानेश्वरीतल्या ओवीची घडण समजावत होतो. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि मोकळा. इतक्यात मागच्या बाकावरची मुलगी उठली. "सर, माझी आजीपण ओव्या म्हणते. जात्यावरच्या. शेकड्यानं पाठ आहेत तिला."

"ते लोकसाहित्य. ते पुढच्या वर्षी बघू," म्हणून मी पुढे सरकलो.

दिवाळीच्या सुट्टीत वाचताना माझी चूक मला दिसली. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या नावावर असलेला, ११२९च्या सुमाराचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी! ज्ञानदेवांनी नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ उभा केला, त्याआधीपासून ओवी उखळाशी बसलेल्या बायकांच्या तोंडी होती. आणि मी तिला वर्गाबाहेर थांबवले होते.

सुट्टी संपताच त्या मुलीला म्हटले, "आजीला एकदा वर्गात घेऊन ये."

ती म्हणाली, "सर, आजी दिवाळीत गेली."

तिला स्वतःला सातच ओव्या येत होत्या. त्या तिने चालीवर म्हटल्या. कागदावर दोन ओळींत मावणारी ओवी गाताना शब्द पुन्हापुन्हा घेत कशी लांबते, ते वर्गाने त्या दिवशी ऐकले. बाकीच्या ओव्या आजीबरोबर गेल्या.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. घरातल्यांनी त्यांची गाणी उतरवून ठेवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. हेमा राईरकर, गी पॉइटवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. कोणीतरी वेळेवर ऐकायला बसले, म्हणून हे राहिले.

आता पहिल्या तासाला मी फळ्यावर सन लिहीत नाही. घरी कोणाला काय गाता येते, ते विचारतो. आणि कोणी हात वर केला, तर 'पुढच्या वर्षी' म्हणत नाही.