पोटातली नळी तुंबली किंवा निघाली तर

पोटावर बसवलेल्या नळीतून, म्हणजे पेग ट्यूबमधून, घरी आहार देणाऱ्यांसाठी आज दोनच गोष्टी.

पहिली, नळी तुंबणे. बहुतेकदा गोळ्यांच्या चुऱ्याने किंवा घट्ट आहाराने ती तुंबते. म्हणून आहाराआधी आणि नंतर साधारण ३० मिली पाणी सोडा. डॉक्टरांनी पाणी मोजून दिले असेल तर त्यांना विचारा. औषधे आहारात मिसळू नका. सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात, तेही विचारून घ्या. तुंबलीच तर ५० मिलीच्या सिरिंजने कोमट पाणी हलक्या हाताने आत-बाहेर करा. तार घालू नका, जोर लावू नका.

दुसरी, नळी निघून येणे. इथे "उद्या ओपीडीत दाखवू" म्हणू नका. पोटावरचे छिद्र काही तासांतच आकसू लागते. त्यावर स्वच्छ गॉज ठेवा, निघालेली नळी सोबत घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा. नळी नवी असेल, पहिल्या चार आठवड्यांतली, तर ती घरी परत घालणे फार धोक्याचे. जठर अजून पोटाच्या भिंतीला पक्के चिकटलेले नसते. नळी जठराबाहेर गेली आणि तुम्ही आहार सोडला, तर तो पोटाच्या पोकळीत सांडतो. जिवावर बेतते.

आज एक काम करा. नळीचा आकार, ती बसवल्याची तारीख आणि रुग्णालयाचा फोन नंबर कागदावर लिहून पलंगाजवळ चिकटवा. रात्री धावपळीत तोच कागद उपयोगी पडेल.