पेठ, तालीम आणि रविवारची मॅच

(मंडळाच्या क्रीडादिनाच्या बक्षीस समारंभात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आलेले काही शब्द तसेच ठेवले आहेत.)

बक्षिसं वाटायच्या आधी दहा मिनिटं बोला, असं अध्यक्षांनी सांगितलंय. मी कोल्हापूरचा. कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉलवर दहा मिनिटं बोलायला सांगणं म्हणजे पुणेकराला पुण्यावर दहा मिनिटं बोलायला सांगण्यासारखं आहे. तेव्हा घड्याळ कोणीतरी बघत राहा. मुलांना भूक लागली असेल, पावभाजीचा वासही येतोय.

महाराष्ट्राबाहेर कोल्हापूर म्हटलं की लोकांना महालक्ष्मी, तांबडा-पांढरा रस्सा, चप्पल आणि कुस्ती आठवते. कुस्तीचं बरोबरच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. पण याच तालमींची पोरं पुढे फुटबॉलच्या मागे लागली, हे बाहेर फारसं कोणाला माहीत नसतं. आमच्याकडे फुटबॉल क्लबांची नावंच बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. जगात दुसरीकडे कुठे फुटबॉल टीमच्या नावात आखाडा असेल असं मला वाटत नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची के.एस.ए., १९४० सालची. तिची लीग शाहू स्टेडियमवर होते. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की त्या दिवशी गावात लग्नाचा मुहूर्त धरू नये, एवढंच सांगतो. खेळणाऱ्यांत कोणी कॉलेजात, कोणी दुकानात, कोणी गॅरेजमध्ये. पैशासाठी म्हणाल तर फारच थोडे. पण मॅच हरली तर अख्ख्या गल्लीला दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

मी स्वतः खेळाडू नव्हतो. दहावीपर्यंत राखीव खेळाडूंच्याही राखीव यादीत होतो. पुढे कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि मग न्यू जर्सी. इथे आल्यावर वाटलं, संपलं आपलं फुटबॉल. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा खेळ!

तीन वर्षांपूर्वी मुलाच्या मॅचसाठी क्वीन्समध्ये मॅस्पेथ नावाच्या भागात गेलो. गोदामं, साधी घरं आणि त्यांच्यामध्ये अचानक एक मैदान. कडेला उभं राहिलं की लांबवर मॅनहॅटनच्या इमारती दिसतात. त्याचं नाव मेट्रोपोलिटन ओव्हल. ते १९२५ पासून तिथे आहे. जर्मन-हंगेरियन स्थलांतरितांनी उभं केलेलं. मध्यंतरी त्याची दशा झाली होती, ते हातचं जाणार अशीही वेळ आली होती, पण फुटबॉलवाल्यांनी ते वाचवलं. मॅच आम्ही हरलो. माझं लक्ष मॅचकडे नव्हतंच. हे लोक कोण होते, हे मला कळायला हवं होतं. आमचा व्यवसायच असा आहे, एरर दिसली की तिच्या मुळाशी गेल्याशिवाय झोप लागत नाही.

तर मूळ असं निघालं. १९२३ साली न्यूयॉर्क परिसरातल्या पाच जर्मन क्लबांनी मिळून एक लीग काढली. शाहू महाराज गेले त्याच्या पुढच्याच वर्षी. पाचांतला एक क्लब होता हॉबोकन एफसी १९१२. हॉबोकन म्हणजे आपल्यापैकी कितीतरी जण रोज जिथे पाथ गाडी पकडतात, तेच. सोमवार ते शनिवार बेकरीत, कारखान्यात, बांधकामावर राबायचं आणि रविवारी मॅच. मॅचनंतर क्लबच्या हॉलमध्ये बिअर, जेवण, गाणी, नाच. तिथेच नव्याने आलेल्याला नोकरीचा पत्ता आणि खोली मिळायची. लग्नंही तिथेच जमायची. आपल्या मंडळात यापेक्षा वेगळं काय होतं सांगा! बिअरच्या जागी मसाला दूध आहे, एवढाच फरक.

ही लीग पुढे जर्मन-अमेरिकन नावानेच वाढत गेली. पण तिच्यात कोण कोण आलं बघा. इथे यू.एस. ओपन कप नावाची स्पर्धा आहे, १९१४ पासून चालू असलेली. तिच्यात हौशी क्लबही व्यावसायिकांशी भिडू शकतात. तिच्या विजेत्यांची यादी वाचली की जगाचा इतिहासच वाचल्यासारखं होतं. १९५१ मध्ये या लीगचा जर्मन-हंगेरियन क्लब जिंकला. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून हजारो निर्वासित अमेरिकेत आले, आणि १९६२ मध्ये कप न्यूयॉर्क हंगेरियाकडे गेला. मग ग्रीक-अमेरिकन क्लबने १९६७, ६८ आणि ६९ असा ओळीने तीनदा नेला. १९७४ मध्ये सायप्रसवर आक्रमण झालं, आणि १९८०, ८२, ८३ मध्ये विजेते होते न्यूयॉर्कचे पॅनसिप्रियन फ्रीडम्स. कोणत्या देशावर कधी संकट आलं ते या कपावरून सांगता येईल की काय, असं मला वाटायला लागलं. नॉर्वेवाल्यांचा ब्रुकलिनमधला योआ क्लब तर १९११ चा, ॲमंडसेनच्या जहाजाचं नाव घेतलेला. आयरिश मंडळींचा शॅमरॉक १९६० चा.

थोडं विषयांतर करतो. १९५० च्या वर्ल्डकपमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं. गोल करणारा जो गेटजेन्स हैतीचा. कोलंबिया विद्यापीठात अकाउंटिंग शिकायचा आणि न्यूयॉर्कमध्ये एका रेस्टॉरंटमध्ये भांडी घासायचा. गोलकीपर शववाहिनी चालवायचा, एक बचावपटू पोस्टमन, एक हाफबॅक शाळामास्तर. त्या वर्ल्डकपला भारतही पात्र ठरला होता, पण आपण संघ पाठवलाच नाही. असो, ती सल फार जुनी आहे.

आता मुख्य गोष्ट. १९७७ साली या जर्मन लीगने आपल्या नावातलं ‘जर्मन’ काढून टाकलं. नवं नाव कॉस्मोपॉलिटन सॉकर लीग. हे सोपं गेलं असेल असं समजू नका. ज्यांच्या आजोबांनी वर्गणी काढून क्लब चालवले, त्यांना ते कसं वाटलं असेल? आपल्या मंडळाच्या नावातून ‘महाराष्ट्र’ काढायचं म्हटलं तर आज इथे खुर्च्या उडतील, त्यातली पहिली मीच उचलेन. पण जर्मनीतून येणारी नवी माणसं कमी झाली होती आणि मैदानावर ग्रीक, इटालियन, आयरिश, लॅटिन अमेरिकन पोरं होती. त्याच वर्षी, २४ सप्टेंबरला, पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून कलकत्त्यात मोहन बागानविरुद्ध खेळला. सामना २-२ सुटला. कॉसमॉस तेव्हा जगात गाजत होता, हजारो प्रेक्षक, लाखो डॉलर. १९८४ नंतर ती व्यावसायिक लीग बंद पडली, कॉसमॉसही गेला. वर्गणीवर चाललेली रविवारची लीग मात्र चालूच राहिली. तिने २०२३ मध्ये शंभरी गाठली. आजही वरच्या विभागातून खाली, खालच्यातून वर अशी चढउतार तिच्यात आहे, जी इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्येही नाही.

हे सगळं मी का सांगतोय? तर गेल्या वर्षीच्या क्रीडादिनाची गोष्ट. मुलांच्या फुटबॉल स्पर्धेसाठी आम्ही नियम केला होता: खेळाडूच्या आईवडिलांपैकी एक तरी मराठी हवा. नियमाचा मसुदा माझाच, आणि बैठकीत मी त्याच्या बाजूने बोललोही होतो. उद्या कोणीही येईल, मग मराठी मंडळ कशाला, वगैरे. आमच्या शेजारी एक तेलुगू कुटुंब राहतं. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा रोज एकत्र खेळतात. तो पोरगा शूज घालून, पाण्याची बाटली घेऊन मैदानावर आला होता. फॉर्म तपासायला टेबलावर कोण होतं? मीच. मी त्याला नियम सांगितला. तो काही बोलला नाही, तिथेच बाकावर बसून पूर्ण मॅच बघितली आणि आमच्या टीमसाठी टाळ्या वाजवल्या. आमची टीम एक खेळाडू कमी घेऊन खेळली आणि हरली.

घरी येताना गाडीत मुलगा गप्प. मग विचारलं, ‘‘बाबा, तो आपल्या घरी जेवतो तेव्हा चालतो ना?’’

रात्री कोल्हापूरला आबांना फोन केला. आबांचा जन्म पेठेतला, तालमीच्या टीमसाठी आयुष्यभर घसा फोडलेला माणूस. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘आरं, हितं पेठेच्या टीमकडनं नायजेरियाची पोरं खेळून गेली. त्यांनी गोल मारला की म्हाताऱ्या बायका ओवाळायच्या बाकी होत्या. तुमच्यात शेजारचं पोरगं चालत नाही व्हय?’’

मी म्हटलं, आबा, ती हौस वेगळी, इथे भाषा टिकवायचा प्रश्न आहे.

‘‘मग त्याला शिकवा की मराठी. मैदानावर पहिल्या दिवशी जे शब्द शिकंल ते मात्र घरात बोलू नको म्हणावं.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर आहे असं नाही. ज्यांनी नियमाची बाजू घेतली त्यांची भीती खोटी नाही. आपली मुलं आपापसात इंग्रजीच बोलतात, हे मी रोज बघतो. न्यूयॉर्कच्या त्या जर्मन क्लबांतली जर्मन भाषाही हळूहळू मागे पडली असणार, हे मला दिसतं. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. हॉबोकन किंवा ब्रुकलिनच्या एखाद्या क्लबात कोणे एके काळी माझ्यासारखाच एक सेक्रेटरी फॉर्म तपासत टेबलावर बसला असेल. समोर एक ग्रीक पोरगा उभा असेल, शूज घालून. त्याने त्याला खेळायला घेतलं, म्हणून ते मैदान आणि ती लीग मला बघायला मिळाली.

शेजारच्यांच्या घरी मी गेलो होतो. पोराची माफी मागितली. त्याच्या आईने मला कॉफी दिली आणि विषय बदलला. ते जास्त लागलं.

बरं, आता बक्षिसं. पुढच्या वर्षीचे नोंदणीचे फॉर्म बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. तो नियम अजून त्यात छापलेला आहे, कारण तो एकट्याने काढण्याचा अधिकार मला नाही. कार्यकारिणीची बैठक पुढच्या रविवारी अकरा वाजता आहे, सर्व सभासदांना यायची मुभा आहे. शेजारचा तो मुलगा आज इथेच आहे, मागच्या रांगेत, माझ्या मुलाशेजारी. मघापासून हे भाषण कधी संपणार असं दोघं एकमेकांना विचारतायत. मराठीतून.