खाटेपाशीं बसणारा कैवारी
अमेरिकेंतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांचा कैवार घेणारे स्वयंसेवक असतात. ‘ओम्बड्समन’ या स्वीडिश नांवाची ही योजना १९७२ सालीं प्रयोगादाखल निघाली व १९७८ च्या कायद्यानें प्रत्येक राज्यास बंधनकारक झाली. शिक्षण घेतलेला स्वयंसेवक खाटेपाशीं बसून विचारपूस करतो. जेवण थंड येतें, घंटा वाजवूनहि कोणी येत नाहीं, गाऱ्हाणीं लहानच. पण ज्याचें कूस बदलणेंहि दुसऱ्याच्या हातीं, त्याला तीं लहान कशीं वाटावींत? सारें सांगून एखादी आजीबाई म्हणते, “माझें नांव मात्र सांगूं नका, रात्रीं हींच माणसें मला उचलतात.” तिच्या संमतीवांचून तें सांगण्याची त्याला मुभा नाहीं. मग तो शेजारच्या दहा खाटांवरहि जेवणाची चौकशी करतो. गाऱ्हाणें मुळांत कोणाचें, हें व्यवस्थापकाला उमगत नाहीं.